टेकाडातली सात वाहनं

मित्रांनो, माझं वय अकरा. माणसात ते काहीच नाही, पण लॅपटॉपात अकरा म्हणजे काठी टेकायचं वय. मी तेरणाकाठ पुरातत्त्व मंडळाचा जुना लॅपटॉप. धाराशिवला मंडळाची एक खोली आहे, तिथल्या टेबलावर माझा मुक्काम.

जन्म कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात झाला, तो काय आठवत नाही. इथं आलो तेव्हा मात्र काय थाट! हार घातला, नारळ फोडला, पाणी थोडं माझ्यावरही उडालं. पहिली चार वर्षं मी लई राबलो. मंडळातले लोक शिकलेले, पदवीवाले उत्खननतज्ज्ञ. त्यांचे नकाशे, खापरांचे फोटो, व्याख्यानांची निमंत्रणं, सगळं माझ्या पोटात. परंड्याच्या किल्ल्यावर शिलालेखाचे ठसे घ्यायची कार्यशाळा झाली, तिची बातमी माझ्यावरच टाईप झाली. ओला कागद दगडावर बसवायचा, वरून शाई थोपटायची, असं ते काम. कागदावर ठसा फिका आला. पण खजिनदार दमून त्या ओल्या शाईलाच टेकले होते, त्यांच्या सदऱ्यावर झकास उमटला. दोन ओळी तर त्यांना आरशापुढं पाठमोरं उभं करूनच वाचता आल्या.

या मंडळाची एक गंमत आहे. दोन हजार वर्षांचं फुटकं खापर मिळालं की ते टूथब्रशनं घासतील, कापसात ठेवतील, त्याला नंबर देतील. मी फक्त अकराचा, म्हणून मला कोण विचारत नाही. सचिव प्रेमानंद भाकरी आणि शेंगाचटणी माझ्यावरच मांडून खातो. ती चटणी झिरपून माझ्या स्पेसबारखाली बसली. तेव्हापासून मी शब्दाच्या मधेच, कुणी न मागता, मोकळी जागा सोडतो. त्यातूनच पुढचं सगळं महाभारत घडलं.

बेंबळीकडं नागझरवाडी म्हणून गाव आहे. गावाशेजारी पांढरं टेकाड. जुनी वस्ती जिथं नांदून गेली तिथली माती अशी पांढरी असते. मंडळाला तिथं सातवाहन राजांच्या काळातली खापरं, मणी, विटा मिळाल्या. नेमकी तीच माती रस्त्याच्या भरावाला न्यायचं एका ठेकेदारानं ठरवलं. सोमवारी जेसीबी लागणार होता. आणि टेकाड एकदा उचललं की संपलं, ते काय पुन्हा रचता येत नाही.

मंडळाच्या अध्यक्ष विमलताई. तुळजापूरच्या, इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापक. त्यांनी तीन अर्ज दिले. तिन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचंही नाही.

"प्रेमानंद, आता वार्तापत्र काढ," त्या म्हणाल्या. "मथळा ठळक दे. आजच्या आज सगळ्या ग्रुपवर गेलं पाहिजे."

त्यानं टाईप केलं, 'नागझरवाडीच्या टेकाडात सातवाहनांचे अवशेष सापडले.' मी मधे माझी जागा सोडली. शनिवारी जिल्हाभर गेलं ते असं: 'नागझरवाडीच्या टेकाडात सात वाहनांचे अवशेष सापडले.'

सोमवारी सकाळी विमलताई प्रेमानंदला घेऊन जेसीबीपुढं बसायच्या तयारीनं निघाल्या. पिशवीत सतरंजी आणि मी. पोचलो तर टेकाडाला जत्रा! पन्नासेक माणसं, एकेकाच्या हातात किल्ली आणि गाडीची कागदपत्रं. धाराशिवपासून उमरग्यापर्यंत ज्याची ज्याची गाडी चोरीला गेलेली, तो तो आला होता. जेसीबीच्या बकेटीत उमरग्याचे महालिंगप्पा उभे होते.

"ताई, मंडळाच्या तुमीच का? माझी गाडी कुठं घावली?"

प्रेमानंदला ऐकू आलं अर्धंच. त्याला वाटलं, चला, एकदाचा लोकांना इतिहासात रस आला. तो खुलला. "काका, सातवाहन सगळे दुसऱ्या थरात आहेत. वर नुसता नंतरचा कचरा."

"मंजी खोल पुरल्यात व्हय! किती जुनं हाय म्हणायचं?"

"दोन हजार तरी धरा."

"दोन हजारचं मॉडेल? मग ती माझी न्हाय. माझी अठराची हाय. पर आलोय तर बघून जातो की."

मागून एकजण ओरडला, "रंग कोणचा हाय वो?"

"काळा-तांबडा. पॉलिश अजून शाबूत आहे!" प्रेमानंदच्या डोळ्यांपुढं खापरंच.

"पॉलिश शाबूत हाय म्हणं!" एकच गलका झाला.

जेसीबीवाला वैतागला. "अप्पा, उतरा की खाली. मला माती उचलायची हाय."

"माती? आरं, पुरावा गायब करतूस व्हय? थांब, जमादारालाच बोलवतो!"

पोलीस ठाण्यातून जमादार आले. पन्नास जणांचं ऐकून त्यांनी पंचनामा केला, टेकाडाला दोरी बांधली आणि जेसीबी मागं घ्यायला लावला. विमलताईंनी तेव्हा कुठं मोबाईलवर स्वतःचं वार्तापत्र नीट वाचलं आणि कपाळाला हात लावला.

प्रेमानंद त्यांच्या कानाशी लागला. "ताई, गप बसा. टेकाड वाचतंय."

खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं.

ताईंनी मोबाईल पिशवीत टाकला. मग म्हणाल्या, "आज खोट्यावर गप बसलो तर उद्या आपलं खरं कोण ऐकेल रे?" आणि सरळ जमादारांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, चूक आमची आहे. सातवाहन हे राजे होते. इथं गाडी नाही. एकही नाही."

महालिंगप्पा बकेटीतून उतरले. जेसीबीवाल्यानं इंजिन सुरू केलं. पिशवीत माझी बॅटरी नुसती धडधडत होती.

जमादारांनी पंचनाम्याकडं बघितलं. चार पानं, दोन पंचांच्या सह्या, खाली शिक्का.

"मॅडम, राजे असतील तर असू द्या. तुमचा जबाब पाठीमागं जोडतो. पर कागदावर सात वाहनं चढल्यात. खाडाखोड केली तर मलाच खुलासा द्यावा लागंल. ती सापडंपर्यंत हितलं ढेकूळ हलणार न्हाय."

"अहो, पण ती सापडणारच नाहीत!"

"मग न्हाय हलणार."

ठेकेदार आठवडाभर थांबला, मग दुसरीकडून मुरूम आणला. महालिंगप्पांची गाडी काय मिळाली नाही. पण दर रविवारी टेकाडावर भरणाऱ्या खापरओळखीच्या वर्गाला ते उमरग्याहून बसनं येतात आणि नव्या सभासदांना थर समजावून सांगतात. प्रेमानंद अजून माझ्यावरच जेवतो, पण आता खाली पेपर अंथरतो. मी समाधानी आहे.

मित्रांनो, तुमच्या गावाशेजारी असं पांढरं टेकाड असेल तर तिथली माती नेऊ नका, खापर खिशात घालू नका. घरी नेलं की ते नुसतं खापर. जागेवर असलं तर ते बोलतं. दर महिन्याला एक पोलीस शिपाई वर्गाच्या वेळी नागझरवाडीला येतो आणि विचारतो, "ताई, वाहनं सापडली का?" विमलताई खरं तेच सांगतात, "एकही नाही." तो तसं वहीत लिहून घेतो, आणि आमचं टेकाड आणखी एक महिना जगतं.