छताकडे बघणाऱ्या खुर्च्या

कोणाला सांगितलं तर पटायचं नाही, पण हाल्वर स्टेन्सरूडने आयुष्यात एकसष्ट हजार खुर्च्या जमिनीला आवळल्या होत्या आणि त्यांतल्या एकीवरही बसून सिनेमा पाहिला नव्हता. थिएटर उघडायच्या आत त्याला पुढच्या गावची गाडी धरावी लागे. ओतीव लोखंडाचे पाय, पॉलिश केलेल्या पाठी, पोतंभर स्क्रू आणि हाल्वरचे दोन गुडघे, सगळा माल मिशिगनच्या कारखान्यातून एकदमच निघे. त्यातले गुडघे आता मोडीत काढायच्या लायकीचे झाले होते.

नॉर्थ डकोटातल्या बिटर लेकला तो पोचला, तेव्हा घर सोडून नऊ आठवडे झाले होते. मागच्या खेपेला घरी गेला, तेव्हा दारात त्याला बघून नात आत ओरडली होती, "आई, खुर्च्यांवाला माणूस आलाय!" बिटर लेकहून गाडी सुटे ती फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. शुक्रवारची चारची मिळाली, तर रविवारी तो तिच्या शेजारी जेवायला बसणार होता. तेवढ्यावर तो उभा होता. म्हणजे ओणवा होता.

थिएटरचा मालक सायरस पेटीबोन मूळचा खोगीरवाला. गावात मोटारी आल्या, खोगिरं पडून राहिली, तेव्हा त्याने दुकानाचंच थिएटर केलं. कारखान्याच्या मागणीपत्रात 'जमिनीला उतार किती?' असा रकाना असे. पेटीबोनने नव्या थिएटरच्या नकाशात बघून उतार लिहिला. मग बापाने हाताने घातलेल्या फळ्या उखडायला त्याचा जीव होईना, म्हणून जमीन सपाटच ठेवली. कारखान्याला कळवायचं मात्र राहून गेलं. उतारावरच्या खुर्चीचे पुढचे पाय उंच असतात. ती सपाटीवर बसवली, की माणूस मागे कलंडतो.

हाल्वरला हे पहिल्याच खुर्चीला कळलं होतं. मालकाला हाक मारायला त्याने तोंड उघडलंही. पण हे पाय परत जाणार, नवे ओतून येणार, म्हणजे आणखी तीन आठवडे. त्याने तोंड मिटलं आणि दुसऱ्या खुर्चीला गिरमिट लावलं. अशा एकशे ऐंशी झाल्या.

शुक्रवारी दुपारी दोनला पेटीबोन तिसऱ्या रांगेत ऐटीत बसला.

"मिस्टर स्टेन्सरूड, मला छत दिसतंय."

"छान रंगवलंय तुम्ही."

"अहो, पण पडदा कुठाय?"

"होता तिथेच आहे," पियानोपाशी बसलेल्या मिस अडेलिया फ्रिश म्हणाल्या. उद्घाटनाला त्याच वाजवणार होत्या. "तुमचीच हनुवटी वर गेलीय."

हाल्वरने सावकाश कंबर सरळ केली. खोटं बोलायचंही त्राण नव्हतं, पण खरं त्याहून महागात पडणार होतं.

"विस्कॉन्सिनात एल्म फोर्क म्हणून गाव आहे," तो म्हणाला. "तिथल्या मालकाने मुद्दाम असेच पाय मागवले. का? बायकांच्या हॅटपायी. 'कृपया हॅट काढा' अशी पाटी पडद्यावर दाखवून दाखवून थकला बिचारा. बाया पाटी वाचायच्या, शेजारणीकडे रागाने बघायच्या आणि आपली तशीच ठेवायच्या! मग या खुर्च्या आणल्या. मान वर, नजर थेट समोरच्या हॅटवरून. पडदा तेवढा दोन हात वर चढवायचा."

"खरं म्हणता?"

"आता उसण भरलेली माणसं पाठ सरळ करून घ्यायला तिकीट काढतात. गेल्या वसंतात तर एकीच्या हॅटमध्ये रॉबिन पक्ष्याने घरटं केलं. पिल्लं उडेपर्यंत मालकाने बाईला खुर्चीवरून हलू दिलं नाही. घरून जेवण आणवलं तिचं."

पेटीबोनचा चेहरा उजळला. "आमच्या आईच्या पाठीचंही काही होईल म्हणता?"

"तीन सिनेमांत."

"थांबा, मी शिडी आणतो. चढवूनच टाकू पडदा!"

हाल्वरने गिरमिट पिशवीत टाकलं. पावणेतीन. मालकाचं शिडी ओढणं त्याला आगगाडीसारखं ऐकू येऊ लागलं.

"या एल्म फोर्कच्या बाया," मिस फ्रिशनी विचारलं, "हॅट घालूनच मागे टेकतात?"

"घालूनच, बाई."

"कितीही मोठी असली तरी?"

"परातीएवढी असली तरी."

मिस फ्रिशनी पियानोवरची आपली हॅट उचलली, लांब पिन खोचून डोक्यावर पक्की बसवली, तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या आणि मागे टेकल्या. हॅटची मागची कड खुर्चीच्या पाठीला अडली, पुढची खाली आली आणि नाकावर येऊन थांबली. हनुवटीखेरीज बाई दिसेनाशा झाल्या.

हाल्वरने पिशवी खाली ठेवली.

"मिस्टर पेटीबोन, शिडी राहू द्या!" हॅटच्या आतून आवाज आला. "हा माणूस साफ खोटं बोलतोय!"