उस्तादांचे हात

कार्ब्युरेटरच्या फ्लोटची पिन ओठांत धरून ती पायलट जेट खिडकीच्या उजेडासमोर बघत होती, तेवढ्यात पडद्यापलीकडून नवऱ्याचा आवाज आला.

"अगं, आवरलं का तुझं? अकराला यायचेत ते."

ओठांत पिन असताना बोलायचं नाही, हा कानाला खडा तिने कधीच लावून घेतला होता. जेट म्हणजे पितळेचा नखाएवढा तुकडा, त्याला केसाएवढं भोक. त्यातून पलीकडचा उजेड सुईच्या टोकासारखा लख्ख दिसायला हवा. दिसत होता, पण एका कडेला अजून मळकट. तिने विजेच्या वायरीतली एक बारीक तांब्याची तार सोलून काढली, हलकेच भोकातून फिरवली, फुंकर मारली, पुन्हा बघितलं. आता ठीक होतं. स्टीलची तार घातली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं आणि जेट कायमचा बिघडला असता. लोक करतात तसं. ती करत नसे.

गाडी दाताच्या डॉक्टरची होती. म्हणजे त्याच्या वडिलांची. दोन सिलेंडरची, दोन कार्ब्युरेटरची जुनी मोटरसायकल. वडील गेल्यावर नऊ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिलेली. टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वाटीत सुकून त्याचा डिंक झाला होता. तीन दिवस ती तो डिंक काढत बसली होती. स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून असलेल्या टेबलावर, जुन्या टॉवेलवर, डाव्या हाताला डावा कार्ब्युरेटर आणि उजव्या हाताला उजवा, कारण एकाचा स्क्रू दुसऱ्यात गेलेला तिला खपत नसे.

हे सगळं बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे गॅरेज, मागे घर, मध्ये जाड पडदा. बाहेरच्या पाटीवर नाव नवऱ्याचं, आणि आसपासच्या चार गावांतून लोक जुन्या गाड्या घेऊन यायचे ते त्याच्याकडे. कार्ब्युरेटर म्हटलं की उस्ताद. त्यांनी हात लावला की गाडी मांजरासारखी गुरगुरते, असं लोक म्हणत.

उस्तादांचे हात सतरा वर्षांपूर्वी थरथरायला लागले होते. दवाखान्यात सांगितलं, जिवाला धोका नाही, पण जाणारही नाही. मोठा पाना, हातोडा, चेन, चाक यांना ते हात चालत. बारीक कामाला नाही. पहिला जेट त्याच्या हातून निसटून गटाराच्या जाळीत गेला, तेव्हा तो दिवसभर जेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनेच एक कार्ब्युरेटर टेबलावर ओढला. तिचे वडील घड्याळजी. चिमट्याने काटे उचलायला ती शाळेत जायच्या आधी शिकली होती. तो शेजारी बसून सांगत गेला, ती करत गेली. सहा महिन्यांनी त्याला सांगायला काही उरलं नाही.

"बाहेर बोलू नको हं," तेव्हा तो म्हणाला होता. "बाईने उघडलाय म्हटलं तर कोण गाडी देईल?"

तिला ते पटलं होतं. मुलगी लहान होती, भाड्याची जागा होती. थोडे दिवस, असं दोघंही म्हणाले होते. ते थोडे दिवस किती, हे मात्र पुन्हा कुणी विचारलं नाही. दुपारी दीड वाजता शटर अर्धं खाली यायचं. उस्ताद जेवून आडवे झालेत, असं लोक समजायचे. त्या वेळात ती बाहेर यायची, गाडी सुरू करून स्क्रू लावायची, आणि तीन वाजता शटर वर जायच्या आत पुन्हा आत.

आज मात्र तसं होणार नव्हतं. दाताच्या डॉक्टरने त्याच्या ओळखीच्या वर्तमानपत्रातल्या मुलीला सांगितलं होतं, की असा कारागीर आता शोधून सापडायचा नाही. ती अकरा वाजता येणार होती, आणि उस्तादांनी कौतुकाच्या भरात बोलून ठेवलं होतं, "या, तुमच्यासमोरच सुरू करून दाखवतो."

"तुम्ही त्यांना दुपारनंतर का नाही बोलावलं?" तिने काल विचारलं होतं.

"इतकी काय काळजी करतेस? तू सगळं लावून देशील ना? मला नुसती किक मारायचीय."

तिने दोन्ही कार्ब्युरेटर जोडले, हवा कमी-जास्त करणारे एअर स्क्रू दीड दीड आट्यावर ठेवले आणि ताटात घालून त्याच्या हातात दिले. ताट थोडं वाजलं. तिने ते खालून सावरलं.

मंडळी वेळेवर आली. पडद्याच्या फटीतून तिला दिसत होतं. डॉक्टर पन्नाशीचा, शांत, स्वच्छ नखांचा. मुलगी चुणचुणीत, एका हातात फोन आणि दुसऱ्यात वही. उस्ताद नवा शर्ट घालून गाडीशेजारी उकिडवे बसले होते. कार्ब्युरेटर गाडीला बसवून मोठे बोल्ट त्यांनी व्यवस्थित आवळले. तोंड चालू होतं आणि ते चालू असलं की हातांकडे कुणाचं लक्ष जात नसे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"दोन कार्ब्युरेटर एका तालात आहेत हे कानांनी कळतं का?" मुलीने विचारलं.

"कानांनी नाही, बाळ. कान फसवतात. मागे जाऊन दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी एकेक तळहात धरायचा. दोन्ही हातांवर सारखा श्वास लागला पाहिजे."

"वा!" मुलगी लिहून घ्यायला लागली.

पडद्याआड तिच्या कपाळावर आठी पडली. हे वाक्य तिचं होतं. दोन वर्षांपूर्वी जेवताना ती त्याला म्हणाली होती, श्वास लागल्यासारखा लागतो हो हातावर. तो तेव्हा आमटी आणखी मागत होता. ऐकलं होतं म्हणजे त्याने.

चौथ्या किकला गाडी सुरू झाली. डॉक्टरचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. नऊ वर्षांनी तो आवाज त्याच्या कानावर पडत होता. पण आवाज ओबडधोबड होता, आणि ते होणारच होतं. टेबलावर दीड आटा लावला तरी शेवटचा पाव आटा गाडी तापल्यावर, चालू इंजिनावरच लावायचा असतो.

"आता बघा," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

टोक खाचेत बसेना. एकदा घसरलं, दुसऱ्यांदा घसरलं. बसलं तेव्हा हाताला झटका आला आणि स्क्रू जास्त फिरला. इंजिन गुदमरून बंद पडलं. त्यांनी हसून पुन्हा किक मारली. पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी स्क्रू-ड्रायव्हर हातातून सुटून फरशीवर खणकन पडला. मुलीने नम्रपणे वहीत बघितलं. डॉक्टर मात्र त्यांच्या हातांकडे बघत होता. दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक हत्यारं चालवणारा माणूस. त्याला हात कळत होते.

उस्तादांच्या मानेवर घाम आला. ते उठले, हात खिशात घातले आणि पडद्याकडे न बघता म्हणाले, "काय आहे, गाडी माझ्या हातची असती तर एका मिनिटात लागली असती. पण गडबड होती, म्हणून साफसफाई बायकोकडे दिली. तिथेच काहीतरी राहिलंय. घरच्या माणसाकडे काम दिलं की असं होतं."

मुलगी हसली. डॉक्टर हसला नाही.

पडद्याआड ती उभीच राहिली. सतरा वर्षांत त्या गॅरेजमध्ये चारचौघांत तिच्या कामाचा उल्लेख झाला तो हा असा. आधी तिला वाटलं, मागच्या दाराने निघून जावं, बाजारात जावं, भाजी घेत बसावं. मग तिच्या डोळ्यांसमोर तो सकाळचा जेट आला, तांब्याच्या तारेने उजळलेला. काही राहिलं नव्हतं. त्यात काही राहिलं नव्हतं हे तिला कुणाच्याही शपथेवर सांगता आलं असतं.

ती पडदा सारून बाहेर आली. पदर कमरेला खोचला आणि फरशीवरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"अगं..." उस्ताद म्हणाले.

"किक मारा," ती म्हणाली.

त्यांनी मारली. तिने डावा स्क्रू अलगद आत टेकेपर्यंत नेला, मग मोजून बाहेर घेतला. आवाज वर चढला, तिथे थांबली, थोडा मागे. मग उजवा. मग गाडीच्या मागे जाऊन खाली बसली, दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरले. डावीकडे श्वास दमदार होता, उजवीकडे जरा अडखळत. उठून ॲक्सिलरेटरच्या उजव्या केबलचा नट सैल केला, अर्धा आटा दिला, आवळला. पुन्हा मागे जाऊन हात धरले. मुलगी भराभर फोटो काढत होती. दोन मिनिटंही झाली नसतील. इंजिन स्थिर, गोल, एका लयीत चालायला लागलं. टाकीवर ठेवलेला एक सुटा नट जागचा हलत नव्हता.

"काकू, तुम्हालाही येतं हे?" मुलगी म्हणाली.

"येणार नाही तर काय!" उस्ताद मोठ्याने हसले. "इतकी वर्षं माझं बघतेय. एवढं तर शिकवलंच पाहिजे ना बायकोला!"

ती फडक्याला हात पुसत बाजूला झाली. उस्ताद मुलीला भिंतीवरच्या हत्यारांची ओळख करून द्यायला घेऊन गेले, तेव्हा डॉक्टर तिच्याजवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला,

"वहिनी, किती वर्षं करताय हे?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सरळ विचारलं होतं. उत्तर अगदी ओठावर आलं. तिने पलीकडे बघितलं. नवरा पान्यांच्या रांगेपुढे उभा होता, डावा हात खिशात, उजव्याने पाठीमागचं कपाट घट्ट धरलेलं, आणि मुलीला रंगवून रंगवून काहीतरी सांगत होता.

"कशाबद्दल म्हणताय?" ती म्हणाली.

डॉक्टरने क्षणभर वाट बघितली. मग मान हलवली, "काही नाही. वडील असते तर तुमचे आभार मानले असते," एवढं बोलून तो गाडीकडे वळला.

सगळे गेल्यावर उस्तादांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. "मध्ये कशाला आलीस? मी करतच होतो."

"काय राहिलं होतं?"

"काय?"

"साफ करताना माझं काहीतरी राहिलं म्हणालात. काय राहिलं होतं?"

"अगं, चारचौघांत वेळ मारून न्यायला बोलतो माणूस. एवढं मनाला काय लावून घेतेस?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "जेवायला काय आहे?"

रविवारी छापून आलं. अर्धं पान. उस्तादांनी ते उभ्याने वाचलं, बसून वाचलं, मग तिला वाचून दाखवलं. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, की या प्रवासात पत्नीचीही त्यांना मोलाची साथ आहे. वर मोठा फोटो होता. माणूस नव्हताच त्यात. नुसता कार्ब्युरेटर, आणि त्यावर दोन हात, जवळून घेतलेले. काळी पडलेली बोटं, पेट्रोलने भेगाळलेले तळवे, स्क्रू-ड्रायव्हर पेन्सिलीसारखा हलका धरलेला. खाली छापलं होतं, "उस्तादांचे जादुई हात."

दुपारी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत होती.

"आई, हे तुझे हात आहेत."

"तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? अंगठ्याचं नख बघ ना. मी पाचवीत असताना स्प्रिंग उडून फाटलं होतं, तसंच दुभंगलेलं. बाबांचं तसं आहे का? मी त्या लोकांना फोन करणार आहे."

"राहू दे."

"का राहू दे? प्रत्येक वेळी राहू दे!"

"त्यांच्या नावावर गाड्या येतात गं."

"आणि निघतात कोणाच्या हातून?"

"या वयात त्यांना उघडं पाडून काय मिळणार?" ती म्हणाली.

"त्यांना नको उघडं पाडू. पण त्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू खोटं का बोललीस? तूच सांगितलंस ना मला परवा? कोणी जबरदस्ती केली होती?"

"नाही."

"मग?"

शेवटी लेकीनेच फोन ठेवला. ती हातातल्या बंद फोनकडे बघत राहिली. नवऱ्यावर रागावणं सोपं होतं. ते तिने आठवडाभर केलं होतं. पण 'कशाबद्दल म्हणताय' हे शब्द त्याचे नव्हते, आणि ते आता कुणावर ढकलता येत नव्हते.

मंगळवारी उस्ताद कात्रण फ्रेम करून घेऊन आले. काच, सोनेरी काठ. गॅरेजमध्ये शिरल्याबरोबर समोर दिसेल अशी जागा त्यांनी शोधली. खिळा भिंतीला लावला, हातोडी मारली. खिळा उडाला. पुन्हा मारली, प्लास्टरचा पोपडा निघाला. तिसऱ्यांदा बोटावर बसली. बोट तोंडात धरून ते थोडा वेळ उभे राहिले. मग पडद्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली.

"अगं, जरा ये गं."

ती आली. काही न विचारता स्टूल ओढलं, वर चढली. पोपडा निघालेली जागा सोडून बोटभर बाजूला खिळा धरला आणि दोन ठोक्यांत बसवला. त्यांनी फ्रेम वर दिली. काच त्यांच्या हातात किणकिणत होती. तिने ती घेतली, अडकवली, कोपरे बघून सरळ केली.

ते चार पावलं मागे गेले. मान तिरकी करून बघत राहिले. चेहऱ्यावर खरोखरचं समाधान होतं.

"छान आलेत ना हात?" ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

तिला उतरायला मदत म्हणून त्यांनी हात पुढे केला. तो हवेत थरथरत होता. तिने भिंतीला तळवा टेकला आणि आपली आपण खाली उतरली.