प्लेट धरणारी

पाना फिरवून ऑइलचा बोल्ट काढला की तेल सरळ खाली पडत नाही. बोल्ट इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या चेंबरच्या मागच्या अंगाला तिरका बसवलेला असतो. तेल गरम असेल तर ते आधी वीतभर मागे झेप घेतं, आणि चेंबर रिकामं होत जाईल तशी धार हळूहळू पुढे सरकत येते. झुवैनाने हे गाडीखाली उताणं पडून लहानपणापासून पाहिलं होतं. म्हणून इंजिनाखालच्या लोखंडी प्लेटला भोक पाडायचं ठरलं, तेव्हा तिने ते गोल न आखता मागच्या बाजूला लांबट आखलं.

ती प्लेट म्हणजे तिच्या बापाचा, खल्फानचा, जुना अभिमान. ओमानच्या जबल अखदर डोंगरातल्या आडवळणी वस्त्यांना चारा, गॅसच्या टाक्या आणि कधी एखादी अडलेली बाळंतीण पोचवायची तर त्याचीच पिकअप लागे. एकदा वाटेतल्या धोंड्याने चेंबर फोडलं. तेव्हा त्याने कंपनीचा पातळ पत्रा काढून फेकला आणि दुप्पट जाडीची प्लेट बनवून घेतली. इंजिन वाचलं, पण ऑइलचा बोल्ट प्लेटआड गेला आणि ऑइल बदलणं हे दोन माणसांचं काम होऊन बसलं. एकाने प्लेटचे बोल्ट सोडायचे, दुसऱ्याने खालून प्लेट छातीवर तोलायची, नाहीतर ती सोडणाऱ्याच्या तोंडावरच यायची. दोघे थोरले भाऊ मस्कतला निघून गेले, तेव्हा तोलायचं काम झुवैनाकडे आलं, ते तिच्याकडेच राहिलं.

निझवाहून तिला स्थळ आलं, तेव्हा खल्फान पाहुण्यांना म्हणाला, "पोरगी देतो हो, पण माझी प्लेट कोण धरणार?" सगळे हसले. स्थळ परत गेलं. पुढे ती शिकली, गावच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायला लागली. बाहेरून कुठून नोकरीची विचारणा आली की खल्फान तेच म्हणायचा, तसाच हसून. रागावला असता तर भांडता आलं असतं. हसणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

मग दूर समुद्रकाठच्या सोहारहून फोन आला. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात प्रयोगशाळा होती, तिथली जागा. झुवैना हो म्हणाली. घरी येऊन बापाला सांगायचं, तर ते तिने केलं नाही. त्या वेळी ऑइल बदलून झाल्यावर तिने बोल्टच्या डोक्याला ग्रीस फासलं, प्लेट वर दाबली आणि उतरवून तिच्यावर उठलेला काळा ठसा बापाला दाखवला. "बाबा, बरोब्बर इथे भोक पाडू. बाहेरून झाकण लावू, म्हणजे दगड आत शिरायचे नाहीत. प्लेट काढायलाच नको."

"माझ्या पाठीची काळजी वाटते होय तुला?" खल्फान म्हणाला.

तिने होकारार्थी मान हलवली. ते मान हलवणं तेव्हापासून तिला खात होतं. खालच्या गावातल्या वेल्डरने प्लेट कापताना विचारलं, गाडी कुणाची. वडिलांची म्हटल्यावर तो म्हणाला, "भाग्यवान माणूस." तिने कापलेल्या कडा घासायला हातात कानस घेतली, ती कडा गुळगुळीत झाल्यावरही घासतच राहिली.

पुन्हा ऑइल बदलायचा दिवस आला, तेव्हा शुक्रवारची नमाज झाल्यावर खल्फानने जुनी लुंगी नेसली आणि शेजारच्या झाहरानला हाक मारली. झुवैनाने कॉफी आणि खजूर आणून चटईवर ठेवले.

"बस खाली, नीट बघ," खल्फान म्हणाला.

"खाली बसलो तर उठवायला तुझी पिकअपच लागेल," झाहरान कण्हत बसला. "इतका थाट कशाला? ऑइल बदलतोयस की बारसं आहे?"

"बोलू नकोस. बघ."

खल्फान गाडीखाली सरकला. झाकणाचे नट त्याने हातानेच फिरवून काढले. मग सवयीने म्हणाला, "झुवैना, धर गं..." आणि स्वतःच हसला. "अरे, धरायचं काय!"

बोल्ट सुटला. तेलाची धार लांबट भोकाच्या मागच्या टोकातून नेमकी खालच्या परातीत पडली, ओसरत पुढे सरकली, थांबली. प्लेटवर एक थेंब नाही. झुवैनाला क्षणभर वाटलं, माप चुकलं असतं तर बरं झालं असतं. आणि तसं वाटल्याचीही तिला लाज वाटली.

खल्फान बाहेर आला तो लहान मुलासारखा फुलून. "मुलगे मस्कतहून विचारतात, बाबा, पाठ कशी आहे. नुसते विचारतात! हिने काहीतरी केलं. बापाचं दुखणं लेकीलाच कळतं, झाहरान."

"खरंय रे," झाहरान म्हणाला. "पोरी, माझ्या गाडीचंही माप घे की."

"घेईन, काका," झुवैना म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"तुला कशाला रे भोक?" खल्फान उसळला. "घरात तीन धटिंगण पोसतोयस, त्यातला एक घाल की गाडीखाली! हे भोक तुझ्यासारख्यासाठी नाही. ज्याच्या घरात धरायला कुणी नाही, त्याच्यासाठी..."

वाक्य तिथेच अडकलं.

झाहरानने रिकामा पेला उगीच हलवला, कॉफी पुरे म्हणताना हलवतात तसा. कुणी ओतत नव्हतंच. खल्फान फडक्याने एकेक बोट पुसू लागला. त्याने गाडीकडे पाहिलं, मग झुवैनाच्या हातांकडे. ऑइलच्या दिवशी ते कोपरापर्यंत काळे असायचे. आज स्वच्छ होते.

"नवं ऑइल आण आतून," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आणि कॉफीही गार झाली बघ. दुसरी टाक."

तो तिला बोलणं टाळून निसटायला वाट करून देत होता. न विचारता, न ऐकता, पुन्हा एकदा. याच वाटेने ती आजवर दर वेळी उठून आत गेली होती, आणि आत्ताही गेली असती तर तो कधीच काही बोलला नसता. भोकाचं कौतुक करत राहिला असता, आल्यागेल्याला, ती गेल्यावरही.

झुवैना उठली नाही.

"बाबा, तुमच्या पाठीसाठी नव्हतं ते," ती म्हणाली. "सोहारची नोकरी मी घेतलीय. पुढच्या रविवारी जातेय."