आतून सरकवलेलं कपाट

अग्निशमन केंद्रात फोन आला तो शेजारणीचा. म्हातारे कालपासून खोलीत कोंडून आहेत, ओ देत नाहीत, आणि सून म्हणते दार तोडू नका. ऐकताच पथकप्रमुखाच्या मनात पाल चुकचुकली.

तिसऱ्या मजल्यावर सून उंबऱ्यातच आडवी उभी होती.

"बाबा झोपलेत. उगाच गाडी आणलीत."

"कालपासून?"

तिने नजर चुकवली. खोलीचं दार ढकलून पाहिलं तर मागे काहीतरी जड होतं. पथकप्रमुखाने दोन जवान तिथेच ठेवले, दारासाठी कमी आणि तिच्यावर लक्ष ठेवायला जास्त, आणि स्वतः शिडी लावून खिडकीतून आत उतरला.

म्हातारे जिवंत होते. दाराला कपाट लावून, काठी घट्ट धरून कोपऱ्यात बसले होते.

"ती मला विष घालते," ते कुजबुजले. "तुम्ही पोलीस ना?"

"नाही आजोबा, आग विझवणारा."

बाबापुता करत त्याने कपाट सरकवलं. सून मऊ भाताची वाटी घेऊन आली.

"बाबांना भ्रम होतो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "हे कामाला परगावी. गाजावाजा झाला की लोक मलाच नावं ठेवणार, म्हणून दार तोडू नका म्हटलं."

"आधी याला भरव!" म्हाताऱ्यांनी काठी पथकप्रमुखाकडे रोखली.

तिने चमचा पुढे केला. त्याचा हात पुढे झालाच नाही. क्षणभरच, पण तिच्या ते लक्षात आलं. तिने तोच घास स्वतःच्या तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी गळत असताना चावून चावून गिळला.

तो शरमला. वाटी ओढून घेऊन त्याने दोन घास खाल्ले. भात कोमट आणि अळणी होता. म्हातारे बराच वेळ त्याचं तोंड न्याहाळत राहिले, मग त्यांनी आ केला. अख्खी वाटी त्यानेच भरवली. सून भिंतीला टेकून खाली बसली.

निघताना तो म्हणाला, "वहिनी, पुन्हा असं झालं तर लगेच फोन करा."

"तुमच्याही मनात तेच आलं ना?"

खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं. "आलं," तो म्हणाला.

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "केंद्राचा नंबर सांगा."

जिन्यात शेजारीण टपूनच होती. "काय केलं होतं हो तिने?"

"काहीही नाही!" तो इतक्या मोठ्याने म्हणाला की वरच्या मजल्यावरची दारंसुद्धा उघडली.