फुंकरीचं दूध

"बोलले! बोलले! बाबा बोलले!"

सकाळी साडेदहाला हॉस्पिटलच्या गेटसमोर हा गलका झाला. व्हीलचेअरवर नुकताच घरी सोडलेला एक कुलूप-किल्लीवाला बसला होता. त्याने बायकोला एवढंच विचारलं होतं, "माझ्या चपला कुठं आहेत?" पण आवाज असा काही घोगरा निघाला, की जमलेल्या पन्नास माणसांनी पटापट हात जोडले. चपलांची चौकशी साक्षात फुंकरबाबांनी केली होती.

फुंकरबाबांचं ठाणं गेटसमोरच्या गाळ्यात. पूर्वी तिथे टायरचं दुकान होतं, भिंतीवर टायरचे काळे गोल अजून आहेत. बाबांची वाणी मात्र गुळगुळीत. "डॉक्टर काय करतो? झोपवतो. झोपवायला काय लागतं? उठवतो कोण?" मग गाल फुगवून एक फुंकर. "ऑपरेशनच्या टेबलावर श्वास थांबतो, माणूस निघून चाललेला असतो. मी त्याला धरून परत आणतो. खुणा बघा! घसा दुखेल, कारण मी मानेला धरून ओढलं. गालावर लाल पट्टा दिसेल, ती माझी बोटं. आणि दोन दिवस आवाज बदलेल. तो आवाज माझा!"

लोक घरी जाऊन खुणा तपासायचे. तिन्हीच्या तिन्ही बरोबर निघायच्या.

निघणारच. कारण त्या खुणा मी करते. मी त्याच हॉस्पिटलात भूल देते. लोक सर्जनच्या पाया पडतात आणि मला विचारतात, "सर्जन कुठं भेटतील?" त्यामुळे आपलं श्रेय एखाद्या बाबाने पळवलं तरी मला फारसं लागत नाही. उलट मी खिडकीतून ती गंमत बघत हसायचे. खुणांचं मला ठाऊक होतं. दुधाचं ठाऊक नव्हतं.

बाबा ऑपरेशनच्या दिवशी सकाळी एका पेल्यातल्या दुधावर फुंकर घालून द्यायचा. रोग्याने ते प्यायचं. अट एकच, डॉक्टरला कळता कामा नये. कळलं की फुंकर उतरते.

एकदा एक बाई आली, बस डेपोत गाड्यांची घोषणा करणारी. चौतिशीची, बोलकी, गोड गळ्याची. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीची भिंत पातळ होऊन तिथे बारीकसा फुगा आला होता. आदल्या दिवशी तो थोडा गळला आणि ती माइकसमोरच डोकं धरून खाली बसली. पुन्हा फुटला तर सगळं संपणार होतं. मांडीतल्या रक्तवाहिनीतून तार वर नेऊन त्या फुग्यात वेटोळी भरायची, हे सर्जनचं काम. तोवर तिला झोपवायचं, तिचा श्वास औषधाने थांबवायचा, श्वासनलिकेत नळी घालून तो मशीनने चालवायचा, हे माझं. नळी घालताना ती खोकली, रक्तदाब उसळला, तर फुगा फुटणार. म्हणून सगळं सावकाश, तिला कळूही न देता करायचं होतं. पण पोट भरलेलं असेल तर सावकाश चालत नाही. तेव्हा नळी झटपट घालावी लागते, नाहीतर पोटातलं घशात येतं. ज्या रोग्याला फुगाही आहे आणि पोटही भरलंय, त्याच्यापुढे आमची अक्कल चालेनाशी होते. म्हणून मी एकच प्रश्न तीनदा विचारते.

"काल रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलं?"

"नाही."

"पाणी, चहा, दूध?"

तिने आईकडे पाहिलं. आई खाटेशी उभी होती. हातातली पिशवी तिने छातीशी घट्ट धरली होती. "निर्जळी आहे हो पोर," ती म्हणाली. "आवंढासुद्धा गिळला नाही."

तिसऱ्यांदा मी टेबलावर विचारलं. ती हसली. "आता काय शपथ घेऊ, डॉक्टरबाई?" आणि खास डेपोतल्या आवाजात म्हणाली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, गाडी पूर्ण रिकामी आहे."

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. मग मी औषध दिलं. ते तिचं शेवटचं वाक्य.

अंग सैल पडलं, श्वास थांबला, मी सावकाश तिचं तोंड उघडलं आणि घशात पांढरं दिसलं. दूध. मी टेबल डोक्याकडून खाली करायला ओरडले, ओढून घेणारी नळी घशात घातली, जितकं निघालं तितकं काढलं आणि श्वासनलिकेत नळी बसवली. एवढ्याला मिनिटभरही लागलं नाही. पण त्याआधीच दूध फुप्फुसात उतरलं होतं. माझे हात वीस वर्षं हेच काम करताहेत, आणि त्या मिनिटात ते माझे नव्हतेच असं मला वाटलं.

सर्जनने फुगा सुरेख भरला. डोक्याचं काम फत्ते झालं. फुप्फुसं मात्र दिवसागणिक भिजलेल्या कापसासारखी जड होत गेली आणि नळी काढता येईना. आई काचेबाहेरून रोज विचारायची, "बोलली का?" मी म्हणायचे, "फुप्फुसात थोडं पाणी उतरलंय, बघू." दुधाचं नाव मी घेतलं नाही. दया म्हणून घेतलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

पाचव्या दिवशी खिडकीतून पाहिलं तर आई बाबाच्या रांगेत, हातात पेला. मी खाली धावले. पोचले तेव्हा बाबा तिला झापत होता. "आवाज आला नाही, कारण तू कुणाजवळ तरी बोललीस! फुंकर उतरली. पुन्हा दूध आण, नळीवाटे घालायला सांग."

माझं टाळकंच फिरलं. खिशात नवी, पाकीटबंद नळी होती. पाकीट फाडून ती मी सगळ्यांसमोर काढली.

"ही बघा बाबांची बोटं! ही घशातून श्वासनलिकेत जाते, आवाजाच्या दोन पडद्यांच्या मधून. पडदे सुजतात, म्हणून घसा दुखतो, म्हणून आवाज घोगरा होतो. नळी हलू नये म्हणून आम्ही ती गालाला चिकटपट्टीने बांधतो. पट्टी काढली की लाल वळ. बाबाकडे जा नाहीतर जाऊ नका, खुणा उमटायच्या त्या उमटतात." गेटवरच्या वॉचमनला मी हाक मारली. "तुमचं अपेंडिक्स काढलं तेव्हा आवाज कसा झाला होता?"

"बेडकासारखा, मॅडम."

"या बाबाकडे गेला होतात?"

"तेव्हा बाबा कुठं होते? तेव्हा हे पलीकडच्या हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलायचे. भूल उतरलेली माणसं वॉर्डात आणून सोडायचे."

हशा पिकला. फेरतपासणीला आलेला कुलूप-किल्लीवाला आपला गाल चाचपू लागला. बाबा "डॉक्टरांचा जळफळाट आहे हा" असं काहीतरी पुटपुटत आत सरकला. मी जिंकले होते, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

तेवढ्यात मागून आवाज आला. "आणि दूध? दुधानं काय होतं?"

आई पेला धरून उभी होती.

"मावशी, वर चला. आपण बसून बोलू."

"इथंच सांगा. मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही मला नका सांगू."

मी सांगितलं. जागेपणी पोटातलं वर आलं तर घसा खोकून ते बाहेर टाकतो. मी औषध दिलं की घसाही झोपतो. तिच्या पोटातलं दूध वर आलं आणि फुप्फुसात गेलं.

"म्हणजे माझ्या हातानं."

"बाबाने दिलं, मावशी."

"पेला मी तोंडाला लावला. ती नको म्हणत होती." मग तिने मला विचारलं, रागाने नाही, खरोखर कळावं म्हणून. "तुम्ही 'उपाशी ठेवा' म्हणालात. का, ते का नाही सांगितलंत? ह्यानं तर सगळ्याचं कारण सांगितलं होतं."

त्याची कारणं खोटी होती, पण त्याने ती खुर्ची देऊन, हात हातात घेऊन सांगितली होती. आम्ही खरं कारण खिशात ठेवून नुसता हुकूम सोडला होता.

तिने पेला गाळ्याच्या उंबऱ्यावर ठेवला आणि ती वर मुलीजवळ गेली. नवव्या दिवशी मुलगी वारली.

गाळा चार दिवस बंद होता, पाचव्या दिवशी उघडला. माझ्या नळीचा प्रयोग लोक विसरले, खुणा विसरले नाहीत. पोलिसांत दिलेली माझी तक्रार कुठल्याशा टेबलावर पडून आहे. मी आता प्रत्येक रोग्याला आणि त्याच्या घरच्यांना बसवून 'का' ते सांगते. दहा मिनिटं लागतात. सर्जन घड्याळ बघतात. बघोत.

परवा डोक्यात तसाच फुगा असलेली एक बाई आली. तिचा मात्र अजून गळला नव्हता. मी विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं?" नवरा "नाही" म्हणाला. तिने त्याचा हात बाजूला केला.

"अर्धा पेला दूध प्यायलेय. गेटवर एक मावशी असतात. म्हणाल्या, बाबाला काय हवं ते सांग, पण भूल देणाऱ्या बाईला खरं सांग."

मी ऑपरेशन दुपारवर ढकललं. पोट रिकामं झाल्यावर तिला सावकाश झोपवलं आणि संध्याकाळी उठवलं. घसा दुखत होता, गालावर पट्टा होता, आवाज घोगरा होता.

"नळीमुळे ना?" तिने विचारलं.

"नळीमुळे," मी म्हणाले आणि गेटवर गेले. मावशी नेहमीच्या जागी उभ्या होत्या.

"उठली?"

"उठली."

"बोलली?"

"बोलली, मावशी."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, तेवढा वेळ नव्हता. गाळ्यातून एक माणूस झाकलेला पेला घेऊन रस्ता ओलांडत होता, आणि त्या त्याच्याकडे वळल्या.