सर्जेराव गुरुजींचं कडवं

भोकरदनच्या बसस्टँडमागे, बियाण्यांच्या दुकानावर प्रेमची रेकॉर्डिंगची खोली होती. चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आली होती. सर्जेराव गुरुजी नातीला, दीपमालाला घेऊन राजूरहून एसटीने जयंतीचं रेकॉर्ड झालेलं गाणं ऐकायला आले. गाणं गुरुजींनीच रचलेलं, गल्लीतल्या पोरांना शिकवलेलंही त्यांनीच. प्रेमसुद्धा कधीकाळी त्यांच्याच मांडीशी बसून पेटी शिकला होता.

"लाव बाबा," गुरुजी म्हणाले. "पोरगी सकाळपासून जल्दी चला, जल्दी चला करून राह्यली."

पोरांचे आवाज खोलीभर झाले. दीपमाला सोबत ओठ हलवत होती. तिसरं कडवं संपलं, ढोलकी थांबली, गाणंही थांबलं. दीपमालाचे ओठ मात्र चालूच होते.

"आबा, तुमचं कडवं कुठंय?"

शेवटचं कडवं गुरुजींनी एकट्याने म्हटलं होतं. गाणं रचणाऱ्याने शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं, ही जयंतीच्या गाण्यांची जुनी रीत. ते कडवं गेलं की गाणं कुणाचंही होतं. प्रेमला हे चांगलं ठाऊक होतं. पण गुरुजींचा आवाज थरथरला होता. डीजेवर असला आवाज कोण ऐकतो, असं म्हणत त्याने तेवढा तुकडा माऊसने निवडला आणि उडवून टाकला होता.

"गुरुजी, ते... मशीननं खाल्लं," तो बोलून गेला. "व्हतं कधी कधी तसं."

"खाल्लं?" दीपमाला फिस्सकन हसली. "भूक लागल्ती का त्याला?"

"आसंल," गुरुजी म्हणाले. "माझाच सूर बराबर लागला नसंल. पोरांचे आवाज आले ना सगळे? मंग झालं. तू वाईट वाटून घेऊ नको."

प्रेमचे कान तापले. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं. लहानपणी त्याचा सूर चुकला की गुरुजी रागवत नसत. त्याचं बोट धरून बरोबर पट्टीवर ठेवत. पेटीवरून कुणाचं बोट त्यांनी कधी बाजूला सारलं नव्हतं.

तसं कडवं कुठे गेलंही नव्हतं. कॉम्प्युटरवर उरलेल्या तुकड्याची कड माऊसने धरून ओढली की कापलेला भाग पुन्हा बाहेर येतो. पण गुरुजींसमोर ओढायचं म्हणजे कापणारा कोण, हेही सांगायचं. उद्या एकट्याने ओढून "सापडलं" म्हणता आलं असतं. गुरुजींनी तेही खरं मानलं असतं. तेच त्याला सोसेना.

गुरुजी पिशवी उचलून उठले.

"थांबा, गुरुजी." त्याने कड ओढली. पडद्यावरचा निळा तुकडा लांबत गेला. "मशीननं न्हाई खाल्लं. म्या कापल्तं. आवाज थरथरला म्हणून."

दीपमाला त्याच्याकडे बघतच राहिली. गुरुजी परत खुर्चीवर टेकले.

"लाव," एवढंच म्हणाले.

"सर्जेराव म्हणे लेकरांनो, पाटी हातची सोडू नका..."

आवाज थरथरत थरथरत शेवटाला पोचला. प्रेमला बंद करायचं सुचलं नाही; रेकॉर्डिंग पुढे चालत राहिलं. रेकॉर्डिंगमध्ये कुठे तरी खुर्ची करकरली. मग गुरुजींचंच त्या दिवशीचं बोलणं ऐकू आलं, "प्रेम, बराबर झालं का रे? न्हाईतर पुन्हा म्हणतो."

आणि लांबून, त्याचा स्वतःचा आवाज: "एकदम बराबर, गुरुजी."

प्रेमची मान वर होईना.