बुडालेली रेघ

बारशाच्या सकाळी फुलाबाईंच्या चुलीवर घुगऱ्या शिजत होत्या. धाकटा मुलगा ज्ञानू पाळणा बांधून शेजारगावाहून मामाला आणायला गेला होता. त्याची बायको अश्विनी बाळाला काजळ घालत होती. थोरली सून नूतन मात्र गोठ्यात होती. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा, कुमार, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. तेव्हापासून शुभकार्यात तिला घरात येण्याची बंदी होती.

"बायका जाईस्तोवर तोंड दावू नगंस," फुलाबाईंनी बजावलं होतं. बाई दुष्ट नव्हती. तिच्या सासूनं तिला हेच शिकवलं होतं.

पासली गावाच्या पलीकडची ही वाडी नदीला खेटून. उन्हाळ्यात पुण्याहून स्नेहल नावाची, माती-खडकांचा अभ्यास करणारी मुलगी आली होती. तिनं फुलाबाईंच्या परसात पुरुषभर खड्डा घेतला, तेव्हा तांबड्या मातीत बारीक पिवळ्या वाळूचे तीन पट्टे निघाले.

"पुराचं पाणी मंदावलं की अशी वाळू मागं सोडतं," ती म्हणाली. "तुमच्या घराच्या जागेवर तीनदा पाणी उभं होतं. आज्या-पणज्यांच्याही आधी."

तिनं ग्रामसभेत सांगून पुलाच्या खांबावरची धोक्याची लाल रेघ चार हात खाली घ्यायला लावली. रेघ लवकर बुडेल, निघायला वेळ मिळेल. गाव हसलं. पण रेघेवर नजर ठेवायचं काम नूतनला दिलं. तिला एरवी कुठं बोलावणं नसायचंच.

दहाच्या सुमारास ती गोठ्यामागं आली. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. तिनं पुलाकडं पाहिलं. रेघ नव्हती. एक अख्खं झाड मुळांसकट खांबावर आदळलं. ती धावत दाराशी आली.

"आत्याबाई, रेघ बुडाली! निघा समदी!"

बारशाला जमलेल्या पंधरा बायका फुलाबाईंकडं बघू लागल्या. फुलाबाई उठून आल्या. "हळू बोल. पोराचं नाव ठेवायचंय. त्या पांढऱ्या कपाळानं उंबऱ्यात हुबी ऱ्हाऊ नगंस."

"पानी येतंय वो!"

"आजवर आलंय व्हय हितं? अभद्र बोलू नगंस. जा!"

नूतन मागं फिरली. पाण्याची भीती होतीच, पण उंबऱ्याची त्याहून मोठी होती. पाणी आलंच नाही, तर पोराच्या प्रत्येक दुखण्याचं खापर जन्मभर तिच्या माथी फुटणार होतं. तेवढ्यात परसातल्या अळवाच्या पानांमधून गढूळ पाणी सरकताना दिसलं.

ती परत फिरली, उंबरा ओलांडून आत घुसली आणि पाळण्यातलं बाळ उचललं. कुणीतरी किंचाळलं. फुलाबाईंनी तिच्या पाठीत धपाटे घातले. नूतननं बाळ सोडलं नाही.

"शिव्या वर टेकावर द्या!" ती ओरडली आणि पळत सुटली.

"माझं लेकरू!" म्हणत अश्विनी मागं धावली. तिच्यामागं बायका, पोरंबाळं. कुणी पाण्याला भिऊन धावत नव्हतं. विधवेच्या हातून बाळ सोडवायला धावत होत्या, म्हणून वाचल्या. टेकावर पोहोचून वळून पाहिलं, तेव्हा घराची खिडकी पाण्याखाली होती.

फुलाबाई आल्या नव्हत्या. घरात विधवा शिरली म्हणून, पाळण्यावरून मीठ-मोहऱ्या उतरायला त्या मागं थांबल्या होत्या.

"हिनं उंबरा वलांडला, म्हनून झालं," एक बाई पुटपुटली.

अश्विनीनं बाळ छातीशी धरलं होतं. "जाऊबाईंनी पयल्यांदा सांगितलं तवाच निघालो असतो, तर आत्याबाई हितं असत्या. तुमी गप बसला. म्या बी गपच बसले."

फुलाबाई गेल्या त्याच्या नवव्या दिवशी शाळेत ग्रामसभा भरली. पुण्याहून पुन्हा आलेल्या स्नेहलनं भिंतींवरच्या गाळाच्या खुणा मोजल्या होत्या. रेघ आणखी खाली हवी, असं तिनं सांगितलं. ज्ञानूसकट सगळे नूतनकडं पाहू लागले.

ती उभी राहिली. "रेघ घ्या खाली. पर ती बुडाल्यावर माझं बोलनं ऐकायचं का माझं कपाळ बघायचं, ते आज समद्यांम्होरं ठरवा. तवर म्या रेघ राखनार न्हाई."

बाहेर पावसानं पुन्हा जोर धरला होता. बाळाला घेऊन बसलेली अश्विनी उठली आणि जाऊबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.